‘सर, नवी आवृत्ती कधी येणार?’

मागच्या सत्रात एका संध्याकाळी, खेळाचा तास संपून प्रेप सुरू व्हायच्या मधल्या वेळात, दहावीतला एक कॅडेट संगणक लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. घर नांदेडकडचे, त्यामुळे आजूबाजूला कोणी नसले की माझ्याशी मराठीत बोलतो. आमच्या लॅबमध्ये शाळेच्या आतल्या जाळ्यावर एक छोटा जॅबर सर्व्हर चालतो. सिग्नल क्लबची मुले पिजिन नावाच्या प्रोग्रॅममधून एकमेकांना निरोप पाठवायचा सराव करतात. बाहेरचे इंटरनेट त्याला जोडलेले नाही. त्याचा प्रश्न साधा होता.

"सर, पिजिनची तिसरी आवृत्ती येणार येणार म्हणतात, ती कधी येणार? आपण अजून दोनवरच आहोत."

"तू बालवाडीत होतास तेव्हापासून लोक हेच विचारताहेत," मी म्हणालो. तो हसला आणि प्रेपची घंटा झाली म्हणून पळाला. मी मात्र तिथेच बसून राहिलो. याच प्रोग्रॅमच्या दुसऱ्या आवृत्तीची वाट एके काळी मी पाहिली होती, आणि फार वाईट रीतीने पाहिली होती. मराठी पानासाठी काहीतरी लिहून द्या म्हणून संपादक दोन अंक मागे लागले आहेत. म्हटले, हेच लिहावे.

आजच्या कॅडेटना निरोप म्हटला की फोन डोळ्यांसमोर येतो. तोही सुट्टीत घरी गेल्यावर हातात मिळणारा! पण साधारण १९९६ ते २०१० या काळात ‘इन्स्टंट मेसेजिंग’ ही टेबलावरच्या संगणकाची गोष्ट होती. पडद्याच्या कोपऱ्यात एक उभी पट्टी, त्यात ओळखीच्या माणसांची नावे. जो संगणकापुढे बसला आहे त्याचे नाव ठळक, बाकीची फिकट. नाव ठळक झाले की माणूस जगाच्या पाठीवर कुठेतरी खुर्चीत येऊन बसला, एवढे कळायचे. पालकांपैकी ज्यांनी सायबर कॅफेत तासाला वीस-पंचवीस रुपये मोजून याहू मेसेंजर वापरला असेल, त्यांना हे सांगायला नको.

अडचण अशी होती की प्रत्येक कंपनीचे जाळे वेगळे. अमेरिकेत एओएल या कंपनीचा ‘एम’ १९९७ मध्ये आला. आयसीक्यू त्याआधीचा, मायक्रोसॉफ्टचा एमएसएन मेसेंजर १९९९ चा. भारतात याहूचा जोर. याहूवरचा माणूस एओएलवरच्या माणसाशी बोलू शकत नसे. मग ज्याचे मित्र चार ठिकाणी, त्याने चार प्रोग्रॅम उघडून ठेवायचे.

इथे प्रोटोकॉल म्हणजे काय ते सांगायला हवे. रात्रीच्या पहाऱ्यावरचा संतरी "थम, कौन आता है?" असे विचारतो. त्याला ठरलेल्या क्रमाने ठरलेली उत्तरे मिळाली तरच तो आत सोडतो. शब्द बरोबर पण क्रम चुकला, तरी नाही. संगणकाचा सर्व्हर अगदी असाच असतो. नाव सांग, सांकेतिक शब्द सांग, तुझी आवृत्ती सांग, मग यादी देतो. ही ठरलेली प्रश्नोत्तरे म्हणजे प्रोटोकॉल. कंपन्या ती सहसा गुप्त ठेवत. एओएलने बाहेरच्या प्रोग्रॅमरांसाठी टॉक नावाचा एक साधा प्रोटोकॉल जाहीर केला होता, पण तिचे स्वतःचे मुख्य संभाषण ऑस्कर नावाच्या वेगळ्या, बंद प्रोटोकॉलवर चाले. १९९९ च्या उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर काढला, तेव्हा तो थेट एओएलच्या जाळ्यातही शिरू शकत होता. एओएलने प्रश्न बदलला, मायक्रोसॉफ्टने उत्तर बदलले. एओएलने पुन्हा प्रश्न बदलला. असे अनेक वेळा झाले आणि काही महिन्यांनी मायक्रोसॉफ्टने तो नाद सोडला. एवढ्या बलाढ्य कंपनीला जे परवडले नाही, ते काही स्वयंसेवक मात्र वर्षानुवर्षे करत राहिले.

त्यांच्या प्रोग्रॅमचे नाव गेम. खेळ नव्हे, जी-ए-आय-एम. १९९८ च्या अखेरीस मार्क स्पेन्सर या अमेरिकन विद्यार्थ्याने तो लिनक्ससाठी लिहायला घेतला. पुढे याच मार्क स्पेन्सरने ॲस्टरिस्क नावाची संगणकावर चालणारी टेलिफोन एक्स्चेंज यंत्रणा लिहिली, पण ती वेगळी गोष्ट. गेमची पाटी सुरुवातीला लांबलचक होती, ‘जीटीके+ एओएल इन्स्टंट मेसेंजर’. त्यावर एओएलने हरकत घेतली, म्हणून आद्याक्षरांचे छोटे ‘गेम’ तेवढे उरले. मार्कनंतर काम इतरांनी हाती घेतले. एकाच खिडकीत एम, आयसीक्यू, एमएसएन, याहू, जॅबर, आयआरसी अशी सगळी जाळी एकत्र आणणारा तो प्रोग्रॅम लिनक्स वापरणाऱ्यांच्या घरोघरी पोचला. ऑगस्ट २००५ मध्ये त्याची १.५.० ही आवृत्ती आली.

मी तेव्हा पुण्यात अभियांत्रिकीला होतो आणि वसतिगृहात राहत होतो. घर सातारा जिल्ह्यातल्या एका गावात. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आणि इन्फंट्रीत शिपाई. त्या दोन वर्षांत तो ईशान्येकडे कुठेतरी होता. कुठेतरी म्हणतो, कारण त्याने ते कधीही लिहिले नाही आणि आम्ही विचारायचे नाही हे अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते. पोस्टावरून खाली गावात यायची पाळी आली की तो सायबर कॅफेत अर्धा तास बसे आणि याहूवर ठळक होई. वार ठरलेला नाही, वेळ ठरलेली नाही. कधी आठवड्यात दोनदा, कधी महिनाभर काही नाही.

गेममध्ये एक सोय होती, तिचे नाव ‘बडी पाउन्स’. म्हणजे अमुक माणूस ठळक झाला रे झाला की अमुक आवाज वाजव, असे सांगून ठेवता येई. मी दादाच्या नावाला सायकलच्या घंटीचा आवाज लावून ठेवला होता. खोलीतले सगळे मित्र ती घंटी ओळखत. मी अंघोळीला गेलेलो असलो तर कोणीतरी बोळातून ओरडत यायचे, "अरे, दादा आला!"

पहिला निरोप नेहमी तोच असायचा. रोमन अक्षरांत मराठी. "आहेस का?"

फेब्रुवारी २००६ मध्ये अण्णा डोळे दाखवायला पुण्याला आले आणि दुपारी माझ्या खोलीवर टेकले. सातवी शिकलेला माणूस, इंग्रजी अक्षरे ओळखू येत, पण कळफलक कधी हाताळलेला नव्हता. आणि नेमकी घंटी वाजली. मी म्हटले, अण्णा, तुम्हीच लिहा. त्यांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत "अण्णा बोलतोय. जेवलास का" एवढे लिहिले. चार मिनिटे लागली. तिकडे दादा विचारत होता, आहेस का, गेलास का, लाइट गेली का. मग अण्णांची ओळ पोचली आणि पुढची दोन मिनिटे तिकडून काहीच आले नाही. नंतर आले, "अण्णा? तुम्ही स्वतः?"

गेम हे सगळे संभाषण साठवून ठेवत असे. आपल्या होम फोल्डरमध्ये टिंब लावलेले एक ‘.गेम’ नावाचे लपलेले फोल्डर असे. त्यात सेटिंग, माणसांची यादी आणि आतल्या ‘लॉग्ज’ फोल्डरमध्ये तारखेवार प्रत्येक संभाषणाची फाइल. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डिसेंबर २००५ मध्ये गेमच्या २.० ची पहिली बीटा आवृत्ती आली. बीटा म्हणजे, जवळजवळ झाले आहे, पण आम्ही हमी देत नाही, धाडस असेल तर वापरून पाहा आणि चुका कळवा. नव्या आवृत्तीत खरोखर पुष्कळ काम होते. जुन्यात प्रत्येक खात्याची ‘हजर’, ‘बाहेर गेलो’ ही स्थिती वेगवेगळी ठेवावी लागे. नव्यात ती सगळी यंत्रणा मुळापासून लिहून सर्व खात्यांना एकच स्थिती देता येणार होती. खिडक्यांची मांडणीही बदलली होती. बीटा आली म्हणजे पक्की आवृत्ती दोन-तीन महिन्यांत येते, असा सर्वसाधारण अनुभव. जानेवारीत दुसरी बीटा आली, मार्चमध्ये तिसरी. आणि मग गाडी रुतली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पक्की २.० काही येईना आणि का येत नाही हेही कोणी सांगेना.

त्याच वर्षी उलट प्रकारही पाहिला. उबुंटू या लिनक्सची आवृत्ती एप्रिल २००६ मध्ये यायची होती. त्यांनी आधीच जाहीर केले की काम अधिक पक्के करायला सहा आठवडे जास्त घेणार आहोत, आणि १ जून २००६ ला ती दिली. क्रमांकही ६.०४ चा ६.०६ झाला, कारण त्यांच्या क्रमांकात वर्ष आणि महिना असतो. तेव्हा ते लोक मागेल त्याला पोस्टाने फुकट सीडी पाठवत. माझी सीडी आली तेव्हा पोस्टमनने "परदेशातून काय मागवलंस?" म्हणून चौकशी केली होती. सहा आठवड्यांच्या त्या उशिराबद्दल आमच्या वसतिगृहात कोणी चकार शब्द काढला नाही. गेमच्या उशिराबद्दल मात्र रोज रात्री चर्चा. प्रकल्प बुडाला, लोक भांडले, कोणीतरी विकत घेतले, असे वाटेल ते. कारण कळत नसले की माणूस कारणे बनवतो, आणि बनवलेली कारणे खऱ्यापेक्षा नेहमी वाईट असतात.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये दादाची घंटीही बंद झाली. एक आठवडा, दोन, पाच. आई गावच्या एसटीडी बूथवरून फोन करून रोज विचारायची, "आला का रे तो कॉम्प्युटरवर?" मी म्हणायचो, नेटवर्क नसेल. आणि खरे सांगायचे तर माझी सगळी चिडचिड मी त्या प्रोग्रॅमवर काढायला लागलो. कदाचित दादा येत असेल आणि जुनी आवृत्तीच दाखवत नसेल, असे माझ्या डोक्यात बसले. याला काहीही आधार नव्हता. बाकीचे सगळे मित्र त्याच आवृत्तीत व्यवस्थित दिसत होते.

मग मी ठरवले, वाट पाहायची नाही. गेमचा मूळ कोड खुला होता, कोणीही उतरवून घ्यावा. मी कॅफेतून विकासाच्या वाटेवरचा, त्या दिवशीचा कच्चा कोड पेनड्राइव्हवर आणला. बीटासुद्धा नव्हे, त्याच्याही पलीकडचा. तो स्वतः बांधायला बसलो. एक लायब्ररी नाही म्हणून ती आणा, तिला दुसरी लागते म्हणून ती आणा, असे तीन दिवस. चौथ्या रात्री तो बांधला गेला, उघडला आणि लगेच मिटला. परत उघडला, परत मिटला. रात्रीचे दोन वाजले होते. मला वाटले, जुन्या सेटिंगचा आणि नव्या प्रोग्रॅमचा झगडा आहे, तेव्हा जुने सेटिंग काढून टाकू. मी टर्मिनल उघडले आणि ते टिंबवाले फोल्डर कायमचे पुसायची आज्ञा दिली. लिनक्समध्ये ती आज्ञा कचरापेटीत टाकत नाही, "नक्की का?" असेही विचारत नाही. ती सांगितलेले करते.

एंटर दाबल्यावर साधारण दोन सेकंदांनी मला लॉग्ज आठवले.

चौदा महिन्यांचे दादाशी झालेले बोलणे, आणि त्यात अण्णांची ती एक ओळ. दादाकडे प्रत असण्याचा प्रश्नच नव्हता, तो दर वेळी वेगळ्या कॅफेच्या वेगळ्या संगणकावर. मी संगणक तसाच बंद केला, दुसऱ्या दिवशी सीनियरांच्या मदतीने डिस्कवरून काही परत मिळते का ते पाहिले. तुटक-तुटक तुकडे मिळाले, त्यात आमच्या वर्गाच्या असाइनमेंटचेच जास्त. चूक माझी होती, पूर्णपणे. प्रोग्रॅमने काही केले नव्हते. पण त्या रात्री मी प्रकल्पाच्या लोकांना एक ई-मेल पाठवला. त्यातला मजकूर शाळेच्या मासिकात देण्यासारखा नाही. सारांश असा की तुम्ही आळशी आहात आणि लोकांना झुलवत ठेवता. उत्तर आले नाही, ते बरेच झाले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घंटी वाजली. नव्याने जुनी १.५ बसवून तिला मी पुन्हा तोच आवाज लावला होता. "आहेस का?" मी म्हटले, "दादा, सात आठवडे!" तो म्हणाला, "हो. सांगता येत नव्हतं." बस. पुढे कधी त्यानेही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मी त्याला लॉग्जचे सांगितले. त्याने बराच वेळ काही लिहिले नाही, मग लिहिले, "अण्णांना सांगू नको."

एप्रिल २००७ च्या पहिल्या आठवड्यात गेमचे प्रमुख विकासक शॉन ईगन यांनी निवेदन काढून उशिराचे कारण सांगितले. मी ते लॅबमध्ये उभ्याउभ्या वाचले. मध्यंतरी एओएलने ‘एम’ हे नाव आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले होते. ए-आय-एम ही तीन अक्षरे जी-ए-आय-एम मध्ये जशीच्या तशी बसलेली. म्हणजे नाव आधी छोटे केले होते ते हरकत टाळायला, आणि त्या छोट्या नावातच नवी हरकत निघाली! कंपनीचे वकील आणि हे स्वयंसेवक यांच्यात वाटाघाटी बराच काळ चालू होत्या. त्या पूर्ण होईपर्यंत त्यांना याबद्दल जाहीर बोलता येत नव्हते, आणि वादातल्या नावाने बीटाखेरीज पक्की आवृत्ती काढता येत नव्हती. म्हणून बीटामागून बीटा. काम थांबले नव्हते, पाटी अडली होती. मिळणाऱ्या काही पैशांशिवाय, नोकरी किंवा शिक्षण सांभाळून काम करणाऱ्या माणसांवर एका मोठ्या कंपनीची कायदेशीर टांगती तलवार होती, आणि वर माझ्यासारखे लोक त्यांना आळशी म्हणत होते. विकासकांना पुढे असे एकट्याने तोंड द्यावे लागू नये म्हणून त्यांनी एक ना-नफा संस्थाही काढली.

शेवटी समझोता झाला आणि नाव बदलले. गेम झाला पिजिन. आतला सगळा प्रोटोकॉलचा भाग, जो ‘लिबगेम’ म्हणून ओळखला जाई, तो झाला ‘लिबपर्पल’. यात एक गंमत आहे. ‘प्रोटोकॉल प्लगइन’ याचे विकासकांच्या कोडमधले लघुरूप पी-आर-पी-एल. ते उच्चारायला गेले की पर्पल, म्हणजे जांभळा. बोधचिन्हातले कबूतरही म्हणूनच जांभळे. नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर चालणाऱ्या भावंडाला त्यांनी फिंच या दुसऱ्या पक्ष्याचे नाव दिले. ३ मे २००७ ला पिजिन २.० आली. पहिल्या बीटापासून जवळजवळ सतरा महिन्यांनी.

कबूतर निरोप नेते म्हणून हे नाव, असे मला आधी वाटले. आपल्याकडे ओडिशा पोलिसांची कबूतर-डाक १९४६ पासून चालत आली आहे, आपल्या सिग्नल क्लबच्या भिंतीवर तिचे कात्रण आहेच. पण इंग्रजीत कबुतराच्या शब्दाचे स्पेलिंग वेगळे. पिजिन म्हणजे दोन-तीन भाषांचे लोक एकत्र आले की बाजारहाटापुरती तयार होणारी मिश्र बोली. ‘बिझनेस’ या शब्दाच्या चिनी उच्चारातून तो शब्द आला असे मानतात. वेगवेगळ्या जाळ्यांवरच्या लोकांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून काढलेल्या प्रोग्रॅमला यापेक्षा चांगले नाव सापडले नसते. मुंबईच्या लोकलमधली हिंदी आठवा. किंवा आपल्या मेसमधली घ्या, जिथे बिहारचा कॅडेट मल्याळी कॅडेटला मराठी शिवी देतो आणि तिघांनाही कळते. दादा रजेवर आला तेव्हा मी त्याला हे समजावून सांगत होतो, तर तो म्हणाला, "मग नागामीज म्हणजे तेच की. आम्ही बाजारात तीच बोलायचो." नागालँडमधल्या वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना जोडणारी, असमियाच्या पायावर उभी राहिलेली ती बोली. तो तेव्हा कुठे होता हे आम्हाला असे कळले.

आता त्या कॅडेटच्या प्रश्नाकडे येतो. तिसऱ्या आवृत्तीचा उशीर वेगळ्या जातीचा आहे. इथे वकील नाहीत. लिबपर्पलची मांडणी जुनी झाल्यामुळे ती मुळातून नवी करायचे ठरले, आणि ते सुरू असतानाच खालची जमीन हलली. पिजिनच्या खिडक्या जीटीके नावाच्या साधनावर काढल्या जातात. काम दोनवरून तीनवर नेत होते तेवढ्यात, डिसेंबर २०२० मध्ये, जीटीकेची चौथी आवृत्ती आली. घराला रंग देत असताना पायाच बदलायचा म्हटल्यावर काय होईल? काम करणारे हातही थोडे. गॅरी क्रॅमलिच हे आता प्रमुख विकासक आहेत. अनेक गोष्टी ते उघडपणे करून दाखवतात, त्यामुळे उशीर असला तरी अंधार नाही. २०२४ च्या अखेरीपासून तिसऱ्या आवृत्तीचे प्रायोगिक टप्पे २.९० या क्रमांकापासून बाहेर पडू लागले आहेत. दरम्यान २०२० मध्ये सुरू झालेली २.१४ ची मालिका दुरुस्त्या घेत चालू आहे, आणि आपल्या लॅबमध्ये तीच आहे.

म्हणून उशीर दिसला की मी मुलांना आधी हे पाहायला सांगतो की थांबले आहे ते काय. नवे अंगरखे थांबले असतील तर थांबू द्या. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या असतील तर तो प्रोग्रॅम वापरणेच थांबवायचे, कितीही आवडता असला तरी. हे कळायला भविष्य पाहावे लागत नाही. खुल्या प्रकल्पात शेवटचा बदल कोणत्या तारखेला झाला हे कोणालाही दिसते. गेममध्ये त्या सतरा महिन्यांतही रोज बदल होत होते. मी ते बघितले असते तर प्रकल्प मेला असे म्हणालो नसतो. मी बघितले नाही, मी ऐकले.

दुसरे म्हणजे उतावीळपणा कुठून आत शिरतो ते. जुलै २०२४ मध्ये पिजिनच्या संकेतस्थळावरच्या तिऱ्हाइतांच्या प्लगइनच्या यादीत एक नवे प्लगइन दाखल झाले. संभाषण सुरक्षित ठेवून पडदा दाखवण्याची सोय देतो, असा त्याचा दावा. प्रत्यक्षात ते कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ टिपत होते आणि पडद्याची चित्रे चोरत होते. ऑगस्टमध्ये हे उघडकीस आले आणि ते काढून टाकले गेले. त्याचा मूळ कोड कोणाला पाहायलाच मिळालेला नव्हता, नुसता तयार प्रोग्रॅम दिलेला होता, आणि ते तेव्हा कोणाच्या नजरेत आले नाही. त्यानंतर पिजिनने नियम केला की खुल्या परवान्याखाली नसलेले प्लगइन यादीत घ्यायचे नाही. ज्यांना हवी ती सोय मूळ प्रोग्रॅममध्ये येईपर्यंत धीर धरवला नाही, त्यांच्यासाठीच तो सापळा होता. आपल्यापैकी बहुतेक जण उद्या गणवेशात असणार आहेत, तेव्हा हे जरा जास्त लक्ष देऊन वाचावे.

आणि तिसरे, फोल्डरची प्रत. कोणतीही नवी आवृत्ती बसवायच्या आधी. पिजिन पहिल्यांदा उघडल्यावर जुन्या गेमच्या फोल्डरमधले सगळे आपणहून ‘.पर्पल’ या नव्या फोल्डरमध्ये आणत असे, सेटिंग, यादी, लॉग्ज सगळे. मे २००७ मध्ये मी पिजिन २.० बसवली तेव्हा माझ्याकडे आणण्यासारखे सहा महिन्यांचेच होते.

अण्णा २०११ मध्ये गेले. दादा निवृत्त होऊन गावी असतो, आले लावतो. एओएलने एमचे जाळे १५ डिसेंबर २०१७ ला बंद केले आणि याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला बंद झाला. ज्या नावावरून एवढे झाले ते जाळेही राहिले नाही, पिजिन मात्र आहे. माझ्या जुन्या संगणकावर पिजिनच्या यादीत दादाचे याहूवरचे नाव अजून आहे, फिकट, आणि त्याच्यापुढे सायकलच्या घंटीची खूण. मी ते काढलेले नाही.

परवा तो नांदेडचा कॅडेट पुन्हा आला होता. त्याला सांगितले, २.१४ राहू दे, प्रायोगिक आवृत्ती पाहायचीच असेल तर लॅबच्या कोपऱ्यातल्या सहा नंबरच्या मशीनवर पाहा, आणि आधी फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर काढून मला दाखव. तो म्हणाला, "सर, त्यात काय आहे, नुसते सरावाचे मेसेज." मी म्हटले, तरी काढ. रविवारी घरी फोन करायची त्याची पाळी होती, म्हणून तो रांगेत उभा राहायला गेला.